ताणलेल्या तारेचे रहस्य : सर चंद्रशेखर वेंकट रामन

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या सुरत जिल्ह्यात मागाचा आवाज ज्याच्या कानी पडला नाही असा मुलगा विरळाच. मागावर उभे ताणून बसविलेले जे सूत असते त्यास ताणा म्हणतात. जाणता विणकर त्यावरून हलकेच बोट फिरवितो आणि सूत सैल आहे की घट्ट, हे त्यास तत्काळ उमगते. संगीताच्या वर्गात गुरुजी तंबोऱ्याची खुंटी पिळून तार छेडतात, तेव्हा तेही हेच पाहत असतात. फरक एवढाच की विणकराचे बोट जे सांगते ते गुरुजींस कान सांगतो. तंतू, ताण, ताणा आणि गवयाची तान हे चारही शब्द ताणणे या अर्थाच्या एकाच संस्कृत धातूपासून निघाले आहेत. ताण आणि नाद यांचे हे नाते आपल्या पूर्वजांस ठाऊक होते. मात्र त्या नात्याच्या तळाशी जाऊन, तारेच्या एकेका बिंदूची हालचाल टिपून जगापुढे मांडणारा एक थोर शास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या देशात होऊन गेला. प्रकाशाच्या शोधासाठी त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु त्यांच्या संशोधनाचा पाया ताणलेल्या एका साध्या तारेवर उभा होता, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. ते शास्त्रज्ञ म्हणजे सर चंद्रशेखर वेंकट रामन. त्यांचे चरित्र आज आपण या तारेच्या अनुरोधाने पाहू.

रामन यांचा जन्म 7 नोव्हेंबर 1888 रोजी तामिळनाडूतील तिरुचिरापल्लीजवळ तिरुवनैकावल येथे झाला. वडील चंद्रशेखर अय्यर हे शिक्षक होते. पुढे विशाखापट्टणम येथील महाविद्यालयात ते गणित व पदार्थविज्ञान शिकवू लागले. मातोश्रींचे नाव पार्वती अम्माळ. घरची स्थिती बेताची होती, पण घरात पुस्तके होती आणि व्हायोलिन होते. वडील ते वाद्य आवडीने वाजवीत. तारेवरून गज फिरताच स्वर कसा निघतो, बोट सरकले की तो का बदलतो, हे कोडे या मुलाच्या मनात बालपणीच रुजले असले पाहिजे. रामन यांची बुद्धी असाधारण होती. वयाच्या अकराव्या वर्षी ते मॅट्रिक झाले आणि 1904 मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून पहिल्या वर्गात बी. ए. झाले. इंग्रजी आणि पदार्थविज्ञान या दोन्ही विषयांची सुवर्णपदके त्यांनी मिळविली.

त्या काळी हुशार विद्यार्थ्याने विलायतेस जाऊन उच्च शिक्षण घ्यावे, हा राजमार्ग समजला जाई. रामन यांस तो बंद झाला. त्यांची प्रकृती नाजूक होती आणि विलायतेचे हवामान त्यांस मानवणार नाही, असा निर्णय मद्रासच्या सरकारी डॉक्टरांनी दिला. एखादा मुलगा हताश होऊन बसला असता. रामन यांनी मात्र कॉलेजातील प्रयोगशाळेत मिळेल त्या साधनांनी काम चालू ठेवले. 1906 मध्ये प्रकाशाविषयीचा त्यांचा पहिला निबंध लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’ या विख्यात नियतकालिकात छापून आला. तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. याच सुमारास जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांचा नादशास्त्रावरील ग्रंथ त्यांच्या वाचनात आला, आणि वाद्यांच्या तारांनी त्यांच्या मनाची पकड घेतली.

1907 मध्ये ते एम. ए. झाले. संशोधनावर पोट भरण्याची सोय हिंदुस्थानात तेव्हा नव्हती. म्हणून त्यांनी सरकारच्या अर्थखात्याची स्पर्धापरीक्षा दिली, तीत पहिला क्रमांक पटकावला आणि त्याच वर्षी कलकत्त्यास हिशेबखात्यात अधिकारी म्हणून ते रुजू झाले. त्याच साली लोकसुंदरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या वीणा वाजवीत. अशा रीतीने वडिलांच्या व्हायोलिनच्या घरातून निघालेले रामन वीणेच्या घरात आले.

एके दिवशी ट्रामने कचेरीस जात असता बऊबाजार रस्त्यावरील एका इमारतीवरची पाटी त्यांच्या दृष्टीस पडली. ती ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेची होती. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी 1876 मध्ये मोठ्या आशेने ही संस्था स्थापिली होती. हिंदी तरुणांनी स्वदेशातच विज्ञानाचे संशोधन करावे, ही त्यांची तळमळ होती. परंतु तेथील प्रयोगशाळा उपयोगाविना पडून होती आणि अपेक्षित तरुणाची वाट पाहता पाहता डॉक्टरसाहेब 1904 मध्ये निवर्तले होते. रामन यांनी आत जाऊन काम करण्याची परवानगी मागितली व ती त्यांस आनंदाने मिळाली. तेव्हापासून त्यांचा दिनक्रम ठरून गेला. पहाटे प्रयोगशाळा, दिवसा कचेरी, सायंकाळी पुन्हा प्रयोगशाळा आणि रात्री उशिरा घर. दिवसा ते सरकारचा पैन् पै हिशेब तपासीत आणि उरलेल्या वेळी तारेच्या कंपनांचा. या कामी आशुतोष डे नावाचे एक सहायक त्यांस लाभले. त्यांचे शिक्षण फारसे झालेले नव्हते, पण रामन यांच्या सहवासात ते इतके तयार झाले की पुढे त्यांच्या नावे स्वतंत्र निबंधही प्रसिद्ध झाले.

आता रामन ज्या प्रश्नाच्या मागे लागले होते तो थोडा समजून घेऊ. दोन्ही टोकांस घट्ट बांधलेली तार छेडली की तिच्यावरून लाटा दोन्ही दिशांना धावतात, टोकांवर आपटून परत फिरतात आणि एकमेकींत मिसळतात. या मिसळण्यातून एक नवल घडते. तारेचे काही बिंदू जागच्या जागी स्थिर राहतात आणि त्यांच्या मधले भाग जोराने वरखाली होत राहतात. लाट कोठेच पुढे जाताना दिसत नाही. म्हणून यांस स्थिर तरंग म्हणतात. स्थिर बिंदूस निस्पंद बिंदू असे नाव आहे, आणि दोन निस्पंदांमधील हलणाऱ्या भागास आपण फुगवटा म्हणू. तारेवर असे किती फुगवटे उमटतील, हे तारेची लांबी, तिचे वजन, तिला मिळणाऱ्या कंपनांची संख्या आणि तिच्यावरील ताण या चार गोष्टींवर अवलंबून असते.

यांपैकी ताणाचा नियम फार मौजेचा आहे. तार तीच आणि लांबीही तीच ठेवून तिचा स्वर मध्य षड्जापासून तार षड्जापर्यंत, म्हणजे दुप्पट कंपनसंख्येपर्यंत, चढवावयाचा असेल, तर ताण दुप्पट करून भागत नाही. तो चौपट करावा लागतो. षड्जापासून पंचमापर्यंत जावयाचे तर ताण सव्वादोन पट लागतो. कारण तारेची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. सर्व स्वर केवळ ताणाने साधू म्हटले तर तार तुटून जाईल. म्हणूनच तंबोऱ्याच्या खर्जासाठी जाड पितळी तार आणि वरच्या स्वरांसाठी बारीक पोलादी तार घालतात.

मेल्डे नावाच्या जर्मन प्राध्यापकांनी एकोणिसाव्या शतकात यासाठी एक सुबक प्रयोग योजिला होता. नादकाट्याच्या एका पात्यास दोरा बांधावयाचा, त्याचे दुसरे टोक कप्पीवरून खाली सोडावयाचे आणि त्यास वजन टांगावयाचे. नादकाटा ठराविक संख्येनेच कंप पावतो. बदलते ते फक्त वजन, म्हणजे ताण. समजा, 144 ग्रॅम वजन टांगले असता दोऱ्यावर एकच फुगवटा दिसला, तर 36 ग्रॅमला दोन दिसतील, 16 ग्रॅमला तीन आणि 9 ग्रॅमला चार. ताण एक चतुर्थांश झाला की फुगवटे दुप्पट, एक नवमांश झाला की तिप्पट. मधले भलतेच वजन टांगले तर दोरा नुसता थरथरतो. आकृती उमटत नाही. घट्ट ताणलेला दोरा थोड्या पण मोठ्या फुगवट्यांत हलतो, सैल दोरा पुष्कळ लहान फुगवट्यांत. हा प्रयोग तुम्हीही घरी करून पाहू शकता. खिडकीच्या गजास लांब दोरी बांधा, दुसरे टोक हातात धरून एकाच लयीत हलवा, आणि लय न बदलता दोरी कमीअधिक ओढून पाहा.

रामन यांनी हाच प्रयोग हाती घेतला, पण अनेकांनी पाहून सोडून दिलेल्या ठिकाणी ते थांबून राहिले. त्यांनी विचारले की, निस्पंद बिंदू खरोखरच पूर्ण निश्चल असतो काय? नादकाटा तर दोऱ्याच्या एका टोकास आहे. हवेच्या अडथळ्यामुळे प्रत्येक फुगवट्याची शक्ती सतत खर्च होत असते, आणि तरीही दूरचे फुगवटे अखंड हलत राहतात. त्यांना शक्ती पोहोचते ती मधल्या निस्पंद बिंदूंतूनच. जो बिंदू मुळीच हलत नाही तो शक्ती पुढे कशी देईल? तेव्हा निस्पंद बिंदूही अगदी थोडा हलत असलाच पाहिजे. रामन यांनी ती सूक्ष्म हालचाल अभ्यासली. फुगवटे जेव्हा आपल्या टोकाच्या स्थानी असतात तेव्हा निस्पंद बिंदू मध्यरेषेवर असतो, आणि फुगवटे मध्यरेषा ओलांडीत असतात तेव्हा तो आपल्या इवल्याशा टोकावर असतो. म्हणजे त्याची हालचाल पाव आवर्तनाने भिन्न असते. हा शोध 1909 मध्ये लंडनच्या ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तेव्हा रामन नुकतीच एकविशी गाठत होते.

याच प्रयोगाचा आणखी एक प्रकार आहे. त्यात नादकाट्याचे पाते दोऱ्याच्या आडवे न हलता दोऱ्याच्याच दिशेने मागेपुढे हलते. त्यामुळे दोऱ्यास आडवा धक्का मुळीच मिळत नाही. केवळ त्याचा ताण घडीघडी कमीअधिक होतो, आणि तेवढ्याने दोरा डोलू लागतो. झोक्यावर उभा राहिलेला मुलगा कोणी न ढकलता नुसता बसत उठत झोका चढवितो, तसेच हे आहे. झोक्याच्या एका पूर्ण हेलकाव्यात मुलगा दोनदा उठतो. तसा येथे दोऱ्याच्या एका कंपनात ताण दोनदा वाढतो. म्हणजे दोऱ्याची कंपनसंख्या नादकाट्याच्या निम्मी असते, एवढे पूर्वीच्या शास्त्रज्ञांस माहीत होते. रामन यांनी दाखवून दिले की, मूळ ताण योग्य तेवढा ठेवला तर दोरा नादकाट्याच्या बरोबरीने, दीडपटीने आणि दुपटीनेही कंप पावत राहतो. या कंपनांची छायाचित्रे त्यांनी सरकत्या काचेवर घेतली आणि ती जगभरच्या तज्ज्ञांनी पाहिली.

या काळात सरकारी नोकरीमुळे त्यांची एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी बदली होत असे. 1909 मध्ये रंगूनला आणि 1910 मध्ये आपल्या नागपुरास त्यांची नेमणूक झाली. तेथे ना बऊबाजारची प्रयोगशाळा होती, ना आशुतोष डे. परंतु रामन यांनी राहत्या घराच्या एका भागातच प्रयोगशाळा थाटली. 1911 मध्ये ते पुन्हा कलकत्त्यास गेले.

याच वेळी कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू सर आशुतोष मुखर्जी यांचे लक्ष या तरुण हिशेबनिसाकडे गेले होते. पदार्थविज्ञानाच्या नव्या पालित अध्यासनावर रामन यांनी यावे अशी त्यांची इच्छा होती. वाट मात्र सोपी नव्हती. अर्थखात्यात रामन यांचा दर्जा मोठा होता आणि पुढे अत्युच्च पद मिळण्याचा संभव होता. प्राध्यापकाचा पगार जवळजवळ निम्मा होता. शिवाय या पदासाठी विलायतेत जाऊन प्रशिक्षण घेण्याची अट होती, ती रामन यांनी साफ नाकारली. हिंदुस्थानात राहून जे काम आपण केले तेच आपले प्रशिक्षण, ही त्यांची भूमिका होती. अखेर अट शिथिल झाली आणि 1917 मध्ये त्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. ज्या काळात सरकारी अधिकाराचे पद म्हणजे आयुष्याचे सार्थक मानले जाई, त्या काळात एका संसारी माणसाने तारांच्या कंपनांसाठी ते सोडावे, हे अनेकांस वेडेपणाचे वाटले असेल. पण हा राजीनामा दिला गेला नसता, तर पुढील इतिहास घडला नसता.

प्राध्यापक झाल्यावर त्यांचे वाद्यसंशोधन आणखी बहरले. गजाने वाजणाऱ्या तारांवर 1918 मध्ये त्यांनी मोठा ग्रंथरूप निबंध लिहिला. गज सारख्याच वेगाने व सारख्याच दाबाने फिरावा म्हणून व्हायोलिन वाजविणारे यंत्रच त्यांनी तयार केले. मृदंग व तबला यांच्या चामड्यावर जी शाई भरतात, तिच्या योगाने चामड्याचे बेसूर उपस्वर सुरेल होतात, हे त्यांनी 1920 मध्ये दाखवून दिले.

परंतु आपणांस विशेष जवळचे वाटावे असे काम तंबोऱ्याविषयीचे आहे. नादशास्त्रात एक नियम होता. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्या उपस्वराचा निस्पंद असेल तो उपस्वर ऐकू येणार नाही. म्हणजे तार बरोबर मध्यावर छेडली तर दुपटीचा उपस्वर निघू नये. युरोपातील वाद्यांवर हा नियम पडताळून पाहिला गेला होता. रामन यांनी 1921 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात सांगितले की, तंबोरा आणि वीणा यांवर हा नियम लागू पडत नाही. जो उपस्वर नसावा तोही तेथे स्पष्ट गुणगुणतो. याचे कारण घोडीच्या घडणीत आहे. युरोपीय वाद्यांत तार घोडीच्या धारदार कडेवर टेकते. आपल्या तंबोऱ्याची घोडी रुंद व किंचित बाकदार असते, आणि तारेखाली जवारीचा बारीक दोरा सरकवून ती अशी साधतात की कंप पावणारी तार घोडीच्या पाठीस पुनःपुन्हा स्पर्श करते. त्यातून स्वरांचा तो भरगच्च झंकार उठतो.

मिरजेच्या कारागिरांना ही गोष्ट हातांनी ठाऊक होती. एके काळी तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील मंडळींनी तेथे तंबोरे घडविण्याची कला रुजविली आणि आजही ती परंपरा चालू आहे. 2024 मध्ये मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. खुंटीने ताण ढोबळ जुळवावा, मण्याने तो बारीक करावा, आणि दोरा सरकवून जवारी खुलवावी, हे तीन संस्कार होताच तंबोरा बोलू लागतो. अशा निरक्षर वा अल्पशिक्षित हातांच्या ज्ञानात जगाच्या विज्ञानास अपरिचित असे सत्य दडलेले आहे, हे रामन यांनी ओळखले. त्यांच्या मोठेपणाची ही एक खूण होय.

1921 सालीच रामन प्रथम विलायतेस गेले. परतीच्या प्रवासात भूमध्य समुद्राच्या गडद निळाईने त्यांस मोह घातला. समुद्राचा रंग हे आकाशाचे प्रतिबिंब आहे, ही समजूत त्यांस पटली नाही. बोटीवरच साध्या उपकरणांनी त्यांनी निरीक्षणे केली आणि बोट मुंबई बंदरात येईपर्यंत ‘नेचर’साठी पत्रही तयार केले. पाण्याचे कणच प्रकाश विखुरतात आणि त्यामुळे खोल समुद्र निळा दिसतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्या हजीऱ्याच्या वा सुवाळीच्या किनाऱ्यावर उभे राहून पाहिले तर पाणी निळे न दिसता मातकट दिसते; कारण तापीने आणलेला आणि खंबातच्या आखातातील भरतीओहोटीने ढवळलेला गाळ ही निळाई झाकून टाकतो.

या विचारातूनच पुढील सात वर्षांचे प्रकाशसंशोधन उभे राहिले. 28 फेब्रुवारी 1928 रोजी शिष्य के. एस. कृष्णन यांच्या साहाय्याने चाललेल्या प्रयोगांत त्यांस आढळले की, विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाखेरीज दुसऱ्या रंगांच्या रेषाही असतात. पदार्थाच्या रेणूंची स्वतःची कंपने प्रकाशावर आपली मुद्रा उमटवितात. तारेच्या कंपनांपासून निघालेला माणूस रेणूच्या कंपनांपर्यंत पोहोचला होता. 1930 मध्ये त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञानासाठी हा मान मिळविणारे ते पहिले आशियाई होत. 1954 मध्ये भारतरत्न हा किताब त्यांस अर्पण झाला, आणि आज 28 फेब्रुवारी हा दिवस राष्ट्रीय विज्ञानदिन म्हणून पाळला जातो.

थोर माणसाचे चरित्र सांगताना त्यांची उणीव लपवू नये. 1933 मध्ये रामन बंगलोरच्या विज्ञानसंस्थेचे संचालक झाले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या कमला भागवत यांनी तेथे प्रवेश मागितला. त्या मुलगी आहेत एवढ्याच कारणाने रामन यांनी तो नाकारला. कमलाबाई सत्याग्रह करून ठाम राहिल्या. तेव्हा वर्षभर तात्पुरता, मानहानीच्या अटींवर प्रवेश मिळाला. त्यांनी त्या वर्षात असे काम केले की रामन यांस मत बदलावे लागले आणि संस्थेचे दार मुलींस खुले झाले. पुढे कमला सोहोनी या नावाने त्या केंब्रिजच्या पीएच. डी. आणि नामवंत जीवरसायनतज्ज्ञ झाल्या. निसर्गापुढे इतक्या मोकळ्या मनाने उभा राहणारा माणूसही आपल्या काळाच्या पूर्वग्रहातून सुटत नाही, हे येथे दिसते. आणि पुरावा समोर येताच मत बदलले पाहिजे, हेही दिसते.

1948 मध्ये रामन यांनी बंगलोरला स्वतःची संशोधनसंस्था उभारली आणि अखेरपर्यंत ते तेथे कार्यमग्न राहिले. 21 नोव्हेंबर 1970 रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले.

मित्रांनो, आपल्या शाळेत मोठी यंत्रे नाहीत म्हणून विज्ञान शिकता येत नाही, असे कोणास वाटत असेल तर त्याने नागपूरच्या त्या घरातील प्रयोगशाळा आठवावी. आणि कोणास आपण वर्गात गाजत नाही, सर्वांच्या मध्ये उगाच स्थिर बसून आहोत असे वाटत असेल, तर त्याने रामन यांचा निस्पंद बिंदू आठवावा. पाहणाऱ्यास तो निश्चल दिसतो. पण सारी शक्ती त्याच्यातूनच पुढे जात असते. पुढील वेळी प्रार्थनेपूर्वी गुरुजी तंबोऱ्याची खुंटी पिळू लागतील, तेव्हा आपसांतील बोलणे क्षणभर थांबवा आणि कान देऊन ऐका.